वहिनींची पट्टी

“उद्या सकाळच्या गाडीनं मी तासगावला जाते,” मी म्हणाले आणि पट्टीचा पहिला वेढा भैरवच्या गुडघ्याखालून घेतला. “परत यायचं का नाही, ते तिथं गेल्यावर ठरवीन.”

तो बाकावर बसला होता, पाय माझ्या मांडीवर. पुण्याच्या स्टेडियममध्ये ड्रेसिंग रूमला लागून एक लहान खोली होती. बर्फाच्या पेट्या, पाण्याच्या बाटल्या, ओले टॉवेल असलं काहीबाही तिथं ठेवायचे. खोलीत आम्ही दोघंच. बाहेर प्रेक्षक भरायला लागले होते, ढोल वाजत होता.

भैरव खोत माझा नवरा. कबड्डीच्या लीगमध्ये ‘दख्खन दरारा’ या संघाचा चढाईपटू. तो चढाईला निघाला की आमच्या भागातली पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. पण त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं आहे, हे फक्त तो, मी आणि मिरजेचे एक डॉक्टर एवढ्यांनाच माहीत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. ते होईपर्यंत मॅटवर उतरायचं नाही, असं बजावलं होतं. भैरवनं संघाला सांगितलं की जुना मुका मार आहे, पट्टी बांधली की भागतं. फिजिओनं गुडघ्याला हात लावला तर सगळं उघड होईल, म्हणून पट्टी आमच्या घरचंच माणूस बांधतं, असं त्यानं जाहीर करून टाकलं. फिजिओ नवा होता, भैरव संघातला मोठा खेळाडू. त्याला धरून कोण बसवणार?

“एवढाच सीझन,” तो म्हणाला.

“मागच्या वर्षीपण हेच म्हणाला होतात तुम्ही.”

“शीतल, रडू नको. बाहेर कळंल.”

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला गप्प करायला. मी रडत होते ती रागानं. पट्टी मी इतकी आवळली की त्यानं डोळे मिटून घेतले. मी अजून बरंच बोलले. जे बोलले ते आज इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत मी बॅग भरत होते, तेव्हा केतकी धावत आली. केतकी म्हणजे संघाचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक सांभाळणारी पुण्याची मुलगी. सडपातळ, डोळ्यांवर मोठा चष्मा, कायम फोन हातात. तिनं तो फोन माझ्यासमोर धरला.

अर्ध्या उघड्या दारातून घेतलेला व्हिडिओ होता. मी खाली मान घालून पट्टी बांधतेय, माझे ओठ हलतायत, गालावर पाणी आहे. भैरव माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि डोळे मिटतो. आमचा आवाज काढून टाकून तिथं बासरी घातली होती. खाली लिहिलं होतं, ‘मैदानात तो एकटा नसतो.’

“वहिनी, रात्रीत कुठल्या कुठं गेलाय हा!” केतकी म्हणाली. “कमेंट वाचा तुम्ही.”

मी वाचल्या. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं कुणी लिहिलं होतं. वहिनी, आमच्या वाघाला जपा, असं कुणी. बार्शी, इचलकरंजी, परभणी, कुठून कुठून लोक लिहीत होते. एका बाईनं लिहिलं होतं की तिचा नवरा सौदीला असतो आणि हे बघून ती तासभर रडली.

मी केतकीला तो काढून टाकायला सांगितलं. कारण विचारलं तर काय सांगणार होते? आम्ही काय बोलत होतो ते सांगायचं तर गुडघ्याचंही सांगावं लागलं असतं. ते आमचं खासगी होतं, एवढंच म्हणाले. तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, “वहिनी, जिंकणं-हरणं लोक रोज बघतात. हे त्यांना कुठं बघायला मिळतं? हे खरं आहे म्हणून पोचलंय.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मुलगी फसवत नव्हती. तिचा विश्वास होता त्याच्यावर.

पलंगावर बसून भैरव एकेक कमेंट मोठ्यानं वाचत होता आणि हसत होता. तसं हसताना मी त्याला फार दिवसांत बघितलं नव्हतं.

सकाळची गाडी निघून गेली. मी त्या दिवशी गेले नाही, आणि मग जायचं राहिलंच.

पुढच्या सामन्याला केतकीनं दार सताड उघडं ठेवायला सांगितलं. त्याच्या पुढच्या सामन्याला खोलीतल्या बर्फाच्या पेट्या हलल्या आणि कोपऱ्यात दिवा लागला. पांढरी पट्टी जाऊन संघाच्या रंगाची हिरवी आली. मग केतकी म्हणाली, “भैरवदादा, तो डोक्यावर हात ठेवता ना, तो जरा आधी ठेवाल का? लोक त्याचीच वाट बघतात.” भैरवनं ठेवला. मला गप्प करायला ठेवलेला तो हात आता रोज खुणेसरशी डोक्यावर यायचा, आणि मी वर बघून हसायचं असं ठरलं होतं.

‘वहिनींची पट्टी’ हे नाव लोकांनीच दिलं. गावोगावच्या मैदानांवर पोरं धडधाकट गुडघ्यांना हिरव्या पट्ट्या बांधून खेळायला लागली. वहिनी आज कोणत्या रंगाची साडी नेसतील, यावर संघाच्या पेजवर मतं मागवली जायची. मी बारीक दिसले तर लोक काळजी करायचे, जाड दिसले तर गोड बातमी आहे का विचारायचे. मी मिरजेच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. प्रत्येक सामन्याला हजर राहायचं म्हणून आधी रजा काढल्या, मग नोकरी सोडली. राजीनामा द्यायला गेले तर लॅबच्या डॉक्टरांनी पेढे मागवले आणि सगळ्या स्टाफनं माझ्यासोबत फोटो काढून घेतले.

मधे एकदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी तासगावला गेले आणि नेमका तो सामना संघ हरला. संध्याकाळपर्यंत पेजवर एकच प्रश्न, वहिनी कुठे आहेत? काहींनी तर सरळ लिहिलं की वहिनी नव्हत्या म्हणून हरलो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला ओळखलं. “तुम्ही हितं काय करताय? तिकडं मॅच असंल की,” ती म्हणाली. बाबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाले, “जा बाई तू. लोक वाट बघत्यात.” स्वतःच्या बापाच्या उशाशी बसायलाही मला जागा उरली नव्हती.

आणि गुडघ्याचं दुखणं वाढत चाललं होतं. सामना संपला की हॉटेलवर भैरव पाय पलंगाच्या कठड्यावर टेकवायचा, मी बर्फ धरायचे. सूज आता पोटरीपर्यंत उतरायची. जिन्यावरून उतरताना तो माझ्या खांद्यावर हात टाकायचा, म्हणजे बघणाऱ्याला माया वाटावी. बर्फ वितळेपर्यंत तो कमेंट वाचायचा. मी एकदा त्याच्या हातातून फोन काढून घेतला, तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, “शीतल, लहानपणी मी मॅच खेळून घरी आलो की कुणी विचारायचं नाही, जिंकलास का म्हणून. म्हशीचं शेण काढलंस का, एवढंच विचारायचे. आता बघ किती लोक विचारतात.” मी फोन परत दिला.

एकदा मी प्रशिक्षकांच्या, घोरपडे सरांच्या खोलीपर्यंत गेले. भैरवनं स्वतःची शपथ घातली होती, तरी गेले. दार वाजवलं. सरांनी उघडलं आणि मी काही बोलायच्या आत आतल्या मुलांना हाक मारली, “उठा रे, खुर्ची द्या. आपला आठवा गडी आलाय.” कबड्डीत सात खेळाडू असतात. सगळी मुलं उभी राहिली, एकानं वाकून नमस्कार केला. मी चहा प्यायले, उपांत्य फेरीसाठी शुभेच्छा दिल्या आणि परत आले.

उपांत्य सामन्यासाठी केतकीनं स्पर्धा काढली होती. चाहत्यांनी सांगायचं की त्यांना संघ का आवडतो. जो जिंकेल त्याला सामन्याआधी वहिनींसोबत भैरवच्या गुडघ्याला पट्टी बांधायला मिळणार, तीही लाइव्ह. निवड झाली ती बार्शीच्या द्वारकाबाईंची. त्या विद्यार्थ्यांची खानावळ चालवायच्या. टाइप करता येत नव्हतं म्हणून त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता.

त्या आल्या तेव्हा साडीवर संघाचा हिरवा टी-शर्ट घातला होता आणि हातात शेंगाच्या चटणीची बरणी होती. संघातल्या सगळ्या मुलांना पुरावी म्हणून मोठी आणली होती. मला त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “फोनात भरल्यावानी दिसती. जेवत न्हाईस व्हय गं?” मी हसले. खुर्ची देऊ केली तर नको म्हणाल्या आणि भैरवच्या पायाशी फरशीवरच मांडी घालून बसल्या.

लाइव्ह सुरू झालं. फोनच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा चढत होता आणि खालून हिरवे बदाम वर तरंगत होते. केतकीनं द्वारकाबाईंची ओळख करून दिली. मी नेहमीसारखा एक वेढा घेतला आणि पट्टीची गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती लगेच बांधली नाही. गुंडाळी मांडीवर ठेवून आधी तळवा गुडघ्यावर टेकवला, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. तो तसाच ठेवला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“बाई, हे लई तापलंय की,” त्या हळूच म्हणाल्या. “कधीपासनं हाय?”

केतकीनं फोनच्या मागून मला हातानं खुणावलं, काहीतरी बोला म्हणून. मुका मार आहे जुना, हे वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. इतक्या वेळा बोलले होते की विचारही करावा लागला नसता. मी ते बोलले नाही.

“काय नाही हो मावशी,” भैरव हसून म्हणाला. “बांधा तुम्ही. तुमच्या हातानं जोर येतोय बघा.”

“मी इचारलं काय आन् तू सांगतूस काय? दुखतंय का?”

“जरासं.”

केतकीचा अंगठा फोनच्या पडद्याकडं गेला. मी उठले आणि तिचं मनगट धरलं.

“बंद करू नकोस, केतकी.”

भैरवनं माझ्याकडं बघितलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. पण तो घाबरला होता. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला कधी बघितलं नव्हतं, समोरचे सात जण अंगावर येतानाही नाही.

“शीतल, सगळी बघायला लागलीत,” तो म्हणाला.

“बघू देत.”

द्वारकाबाईंना आमच्यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या तशाच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, “आरं, तुझी मॅच असली की पोरांची ताटं मी लवकर काढती. निम्मी पोरं कुरकुरत्यात, पर मी ऐकत न्हाई. तू कायमचा पडलास तर मला काय ग्वाड लागंल का? सांग की खरं.”

बाहेर ढोल चालू होता. भैरव आधी त्यांच्याकडं, मग फोनकडं बघत राहिला.

“दुखतंय मावशी,” तो म्हणाला. “लई दुखतंय. फाटलाय आतनं. सीझन सुरू व्हायच्या आधीपासनं.”

द्वारकाबाईंनी मी घेतलेला वेढा उलगडला, पट्टी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. पदरानं नाक पुसलं.

“आन् आम्ही रोज टाळ्या वाजवत हुतो,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी बाहेर लाइव्ह बघत असणार. घोरपडे सर धावतच आत आले. त्यांनी भैरवकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं, आणि फिजिओला हाक मारली. केतकीनं फोन खाली केला. यावेळी मी तिला अडवलं नाही.

भैरवशिवाय खेळलेला तो सामना संघ थोडक्यात हरला. तो बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. मी प्रेक्षकांत द्वारकाबाईंच्या शेजारी होते. शेवटची चढाई फसली तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी मला उद्देशून काहीतरी घाण बोललं. द्वारकाबाईंनी मागं वळून बघितलं आणि तो गप्प झाला.

संध्याकाळी पेजवर सगळं उलटलं होतं. ज्यांनी वहिनी वहिनी केलं, तेच विचारत होते की हिला नेमका उपांत्य सामन्याचाच मुहूर्त सापडला का. वहिनीनं संघ बुडवला, असं लिहिलं होतं. काहींनी भैरवला खोटारडा म्हटलं, काहींनी संघाला. काही जण शांतपणे लिहीत होते की दादा, बरा हो, आम्ही थांबतो. पण ते वाचायला भैरवच्या हातात फोन नव्हता. त्यानं तो बंद करून ठेवला होता. दोन-चार दिवसांत संघानं आमचे सगळे व्हिडिओ काढून टाकले.

केतकीचा फोन आला तेव्हा ती नोकरी सोडून घरी बसली होती. इकडचं तिकडचं बोलली. मग तिनं विचारलं की तो पहिला व्हिडिओ घेतला, तेव्हा मी काय बोलत होते. मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

“वहिनी, मला वाटलं होतं तुम्ही देवाचं नाव घेताय,” ती म्हणाली.

ऑपरेशन मिरजेला झालं. भैरव काठी घेऊन चालायला लागेपर्यंत मी त्याच्याजवळ राहिले. त्याचं जेवण, औषधं, मालीश, सगळं केलं. तो गरजेपुरतं बोलायचा. एकदाच म्हणाला, “चारचौघांत करायला नको होतंस.” मी म्हटलं, चारचौघांतच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हिंडता-फिरता येईल, लीगचं विसरा. ते ऐकून आल्यावर तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

तो स्वतःचं स्वतः करायला लागला, तेव्हा मी बॅग भरली आणि तासगावला आले. कुणी अडवलं नाही. कुणी ओळखलंही नाही. तिथल्या एका दवाखान्यात लॅबचं काम मिळालं. सकाळी सायकलवरून जायचे, संध्याकाळी यायचे. आईनं खोदून विचारलं नाही. बाबा आता दोन्ही डोळ्यांनी पेपर वाचत होते.

पुढं वर्षभरानं मी परत गेले. आज आम्ही मिरजेत राहतो, भैरव एका शाळेच्या मुलींना कबड्डी शिकवतो आणि त्याच्या शिस्तीला मुली घाबरतात. पण ते सगळं नंतरचं. मला त्या सगळ्यात एक रविवार जास्त आठवतो.

मी येऊन महिना-दीड महिना झाला असेल. दुपारी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटक वाजलं. भैरव काठी टेकत आत आला. एस.टी.नं आला होता, शर्टावर धूळ होती. बाबांनी खुर्ची दिली, आईनं चहा केला. पावसाचं, द्राक्षांचं बोलणं झालं आणि मग आई-बाबा काहीतरी निमित्त काढून आत गेले.

“तुला न्यायला आलेलो नाही,” तो म्हणाला. “एक विचारायचं होतं. पुण्याला त्या दिवशी तू खरंच जाणार होतीस?”

“होय.”

“मग थांबलीस का?”

मी हातातला ओला टॉवेल पिळत राहिले. त्याच्यासाठी थांबले असं म्हणता आलं असतं. लोकांसाठी थांबले असंही म्हणता आलं असतं. दोन्ही खोटं झालं असतं.

“जाता आलं नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. कप खाली ठेवला.

“मला थांबता आलं नाही,” तो म्हणाला.

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. नंतर त्यानं काठी उचलली, आणि मी चपला घालून त्याच्यासोबत स्टँडपर्यंत निघाले. तो हळू चालत होता, मी त्याच्याहून हळू. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला नाही. रविवारचा बाजार होता. भाजीवाल्या, चहाची गाडी, सलूनसमोर बाकावर बसलेली पोरं. सगळी आपापल्या नादात होती. आमच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही.

मिरजेची गाडी लागली होती. पायरी उंच होती. त्यानं आधी डावा पाय टाकला, दांडा धरला, स्वतःला वर ओढलं. मी हात पुढं केला नाही, त्यानंही मागितला नाही. खिडकीशी बसल्यावर त्यानं काच सरकवली.

“पुढच्या रविवारी येऊ का?” त्यानं विचारलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. येऊ का, करू का, असं त्यानं मला आजवर विचारलं नव्हतं. मीही त्याला विचार करून कधी उत्तर दिलं नव्हतं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, बेल दिली. गाडी थोडी हलली. तो तसाच बाहेर बघत होता, घाई न करता.

“या,” मी म्हणाले.